फडाच्या शेतीवर एक दिवस

(तालुका शिक्षक संमेलनातील भाषण)



शैक्षणिक सहलीविषयी चार शब्द बोलावेत असा निरोप आला, तेव्हा प्रथम मनात नकारच आला. या विषयावरील उपदेश आपण सर्वांनी पुष्कळ ऐकला आहे. आणि सहल म्हटली म्हणजे परवानगीचा अर्ज, पालकांची संमतिपत्रे, गाडीचे भाडे व परतताना तीन-तीन वेळा केलेली मुलांची मोजदाद, एवढेच आपल्यापैकी बहुतेकांस आठवते. शिवाय सहलीहून परतलेल्या मुलास "काय पाहिलेस?" असे विचारावे, तर तो काय खाल्ले ते सांगतो. यात मुलाचा दोष नाही. आपण त्याला जे दाखविले त्यात त्याने विचारावे किंवा करावे असे काही नव्हते. खाण्यासारखे मात्र होते.

तरीही मी उभा राहिलो आहे, याचे कारण मला एका विशिष्ट सहलीविषयी सांगावयाचे आहे. तिला गाडी लागली नाही की वर्गणी लागली नाही. शाळेपासून दीड किलोमीटरवर, पांझरेच्या काठच्या फडाच्या शेतीवर ती गेली होती. 2007 च्या जानेवारीत मी ती सपशेल बिघडविली आणि 2008 मध्ये ती थोडीफार साधली. दोन्ही हकीकती सांगतो. माझ्या मते पहिली अधिक उपयोगी आहे.

आपल्यापैकी काही मंडळी अन्य जिल्ह्यांतून या भागात आलेली आहेत. त्यांना 'फड' म्हटले की तमाशाचा किंवा कुस्तीचा फड आठवेल. पांझरा, कान, आरम, मोसम या नद्यांच्या काठी मात्र फड हा शेतीचा शब्द आहे. या नद्या सह्याद्रीकडून येतात आणि त्यांचे पाणी शेवटी तापीच्या खोऱ्यात उतरते. त्यांच्या पात्रांना उतार चांगला आहे. पात्रात जेथे खडक उघडा पडला असेल तेथे ठेंगणा बंधारा घालावयाचा, त्याने पाण्याची पातळी थोडी उंचवावयाची आणि काठाने खोदलेल्या पाटात ते पाणी वळवावयाचे, अशी ही रचना आहे. नदीपेक्षा पाटाचा उतार मंद ठेवलेला असतो. त्यामुळे काही अंतर गेल्यावर नदी खाली राहते व पाट वर राहतो, आणि या दोहोंच्या मध्ये सापडलेली जमीन केवळ उताराच्या बळावर भिजते. तिला मोट लागत नाही, पंपही लागत नाही. बंधाऱ्यावरून सांडलेले आणि शेतांतून झिरपून पुन्हा नदीस मिळालेले पाणी खालच्या गावाचा बंधारा अडवितो. म्हणून या नद्यांवर एकाखाली एक असे बंधारे दिसतात. ही पद्धत तीनशे-चारशे वर्षांची मानली जाते, आणि 1880 साली प्रसिद्ध झालेल्या खानदेशच्या गॅझेटिअरमध्येही या बंधाऱ्यांची नोंद आहे.

परंतु फडाचे खरे वैशिष्ट्य दगडी बंधाऱ्यात नसून वाटणीत आहे. बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या साऱ्या जमिनीस थळ म्हणतात. थळाचे साधारणतः तीन किंवा चार भाग पाडलेले असतात. तो प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका फडात एका हंगामात एकच पीक घ्यावयाचे. एकात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात त्याहून कमी पाण्याचे काही. पुढे ही पिके एका फडातून दुसऱ्या फडात फिरत जातात. सारा फड एकाच पिकाचा असल्यामुळे पाणी एकदा फडात शिरले की पट्टीमागून पट्टी भिजवीत पुढे जाते. इकडे एक उसाची सरी आणि तिकडे फर्लांगभर दूर दुसरी, असे ते रानोमाळ हिंडत नाही. वाटेत मुरून जाण्याचे प्रमाण घटते.

आणि आता मुख्य गोष्ट. शेतकऱ्याची जमीन एकाच फडात नसते. प्रत्येक फडात त्याची थोडी थोडी पट्टी असावी, अशी जुनी मांडणी आहे. पाऊस कमी झाला, नदीचे पाणी लवकर आटणार असे दिसले, म्हणजे यंदा कोणत्या फडास पाणी द्यावयाचे नाही हे सर्वांनी मिळून ठरवावयाचे. तो फड कोरडा राहिला तर प्रत्येकाची एक पट्टी कोरडी राहते. कोणा एकाचे घर बुडत नाही. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे. शेताच्या मालकाने मध्यरात्री उठून बारे फोडावयाचे नाही. पाटकरी क्रमाने पाणी सोडतो, जागल्या पाटाची व पिकाची राखण करतो. या दोघांना पूर्वापार पिकातून धान्याचा वाटा मिळत आला आहे. पाटातला गाळ काढावयाचा असला म्हणजे ज्याची जितकी जमीन तितकी माणसे त्याने पाठवावयाची.

येथे एक गोष्ट आठवली म्हणून सांगतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले, आणि त्यांच्या उमेदवारीच्या काळातले एक काम आपल्या याच पांझरेवर नळाने पाणी पलीकडे नेण्याचे होते. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी जी गटपद्धत सुचविली, तिच्यातही जमिनीचे एकत्रित गट आणि त्यांत फिरती पिके हेच तत्त्व आहे. पांझरेच्या काठी त्या तरुण अभियंत्याने काय काय न्याहाळले असेल, याचा विचार पाटाच्या कडेने चालताना माझ्या मनात नेहमी येतो.

मात्र फड सर्वत्र आजही जसेच्या तसे चालू आहेत, असा समज कोणी करून घेऊ नये. नद्यांच्या वरच्या अंगास धरणे झाली, घरोघर विहिरी व विजेचे पंप आले, ज्याला त्याला आपल्या मनाचे पीक हवेसे झाले. पुष्कळ थळांवर आता बंधारा उरला आहे आणि फड मोडला आहे. जेथे पाणी अजून पाळीने फिरते तेथे मुलांना नेण्याची मला घाई वाटते, ती याच कारणासाठी. बंधारा शंभर वर्षांनीही दाखविता येईल. पाटकऱ्याचे तसे नाही.

आता पहिली हकीकत. त्या वर्षी मी पहिली ते पाचवीची मिळून साठ मुले घेऊन निघालो. साठ मुले का? तर फोटोत शाळा भरलेली दिसावी म्हणून. आज कबूल करण्यास हरकत नाही. पाटाच्या कडेला मुलांना ओळीने बसविले आणि मी उभे राहून पाऊण तास व्याख्यान दिले. खानदेशचे फारुकी राजे, नदीचे खोरे, बंधाऱ्याची उपयुक्तता, सहकाराचे महत्त्व, सर्व काही त्यात आले. मुले एका खंड्या पक्ष्याकडे पाहत होती. तो दर पाच मिनिटांनी पाण्यात सूर मारून मासा घेऊन येत होता, आणि माझ्या भाषणापेक्षा त्याचे काम निश्चितच अधिक मुद्देसूद होते. मागच्या ओळीतील दोघे गव्हात शिरले. तिघांनी मिळून एका बाऱ्याचा माती-गवताचा बोळा ओढून काढला, आणि दुसऱ्याच्या पाळीचे पाणी भलत्याच पट्टीत धावू लागले.

पाटकरी आबा धावत आले. त्यांनी प्रथम बारे बुजविले. त्या मुलांना ते एक अक्षर बोलले नाहीत. हात धुऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्ही पाण्याकडे पाठ करून पाण्याविषयी बोलत होतात. पोरांनी ते बघायला हात घातला."

दुसऱ्या दिवशी मी निबंध लिहून घेतला. "आम्ही सहलीला गेलो. खूप मजा आली. गुरुजींनी छान माहिती सांगितली." अशी तीसेक मुलांची तीच वाक्ये! खंड्या पक्षी एकाच्याही निबंधात नव्हता, आणि फुटलेले बारेही नव्हते. जे त्यांनी खरोखर पाहिले ते शाळेच्या वहीत लिहावयाचे नसते, हे त्यांना मी कधी न सांगताही ठाऊक होते. कोठून ठाऊक झाले असेल, याचा विचार करता मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

याहूनही लाजिरवाणी गोष्ट पुढे आहे. त्या पाटकरी आबांचा नातू माझ्याच वर्गात, तिसरीत, शेवटच्या बाकावर बसत होता. हे मला सहलीनंतर आठ दिवसांनी कळले. शाळेच्या नोंदवहीत पालकाच्या व्यवसायाच्या रकान्यात मीच माझ्या हाताने 'मजुरी' असे लिहिले होते. शेकडो एकरांचे पाणी कोणत्या पट्टीस केव्हा द्यावयाचे याचा सारा हिशेब डोक्यात बाळगणारे घर ते, आणि आमच्या दप्तरी मजूर.

येथे कोणी विचारील, आणि एका सहकाऱ्याने मला तेव्हा विचारलेही, की शेतकऱ्याच्या मुलाला शेत काय दाखवावयाचे? तो जन्मापासून शेतातच आहे. हा आक्षेप मला पूर्वी बिनतोड वाटे. परंतु मूल शेतात असते ते आपल्या बापाच्या पट्टीत. गुरे वळावी, निंदणीला हात लावावा, सांगितले ते करावे. वरच्या पट्टीत काय चालले आहे, पाणी कोठून येते, कोणी ठरविले आणि का ठरविले, हे विचारण्याची त्यास मुभा नसते, वेळही नसतो. सारे थळ एका नजरेने त्याने कधी पाहिलेले नसते. ते दाखविण्याचे काम शाळेचे आहे. महात्मा फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात शेतीचे मूलज्ञान असावे आणि त्यास लहानशा नमुनेदार शेतीवरील प्रत्यक्ष पाठांची जोड असावी असे मागितले होते. आपल्याजवळ तर नमुना नवा उभारण्याचीही गरज नाही. तो शेकडो वर्षे चालू आहे.

दुसऱ्या वर्षी मी प्रथम मुलांना नेले नाही, स्वतः गेलो. डिसेंबरातले दोन रविवार आबांच्या मागून पाटाने हिंडलो. पहिल्या रविवारी मी वही नेली होती, ती त्यांनी ठेवावयास लावली. "आधी चाला," म्हणाले. चालता चालता शब्द कळले, कोणत्या पट्टीचा बांध कच्चा आहे ते कळले, कोणत्या ठिकाणी पाट गळतो ते कळले. थळाच्या पंचांना भेटून परवानगी घेतली आणि मागील वर्षीच्या गव्हाबद्दल क्षमा मागितली. पंचांपैकी एकाने हसून सांगितले की, गहू उभा राहिला, पण त्या दिवशीची पाळी मोडल्याची चर्चा आठवडाभर चालली होती.

या खेपेस फक्त चौथी-पाचवीची बत्तीस मुले घेतली. त्यांचे लहान गट केले. एका गटाने बंधाऱ्यापासून पाण्याबरोबर चालत यावयाचे; एकाने गव्हाच्या फडातील पट्ट्या मोजून त्यांचा कच्चा नकाशा काढावयाचा; एकाने चारीतले पाणी मोजावयाचे; आणि एकाने आबांजवळ बसून फक्त प्रश्न विचारावयाचे. मी बोलावयाचे नाही, असे वचन आबांनी माझ्याकडून घेतले होते. ते मी दोनदा मोडले.

पाणी मोजण्याचा भाग तपशीलवार सांगतो, कारण तो कोणत्याही चारीवर करता येतो व त्याला सुतळी आणि घड्याळ यांखेरीज काही लागत नाही. चारीचा सरळ असा 20 मीटरचा तुकडा सुतळीने मोजून दोन्ही टोकांस काठ्या रोवल्या. ज्वारीच्या धांड्याचा तुकडा वरच्या काठीपाशी सोडला आणि खालच्या काठीपाशी पोचण्यास किती सेकंद लागतात ते पाहिले. तीन वेळा केले: 39, 41, 40. सरासरी 40 सेकंद. म्हणजे वेग सेकंदाला अर्धा मीटर. चारीची रुंदी 50 सेंटिमीटर, पाण्याची खोली 20 सेंटिमीटर. परंतु पृष्ठभागावरचे पाणी तळाच्या व कडेच्या पाण्यापेक्षा लवकर धावते. हे त्यांना सांगावे लागले नाही. एका मुलाने कडेला दुसरा तुकडा सोडून तो मागे रेंगाळतो हे स्वतःच दाखविले. म्हणून वेगाचा चार-पंचमांश भाग धरला. हिशेब आला सेकंदाला 40 लिटर.

चाळीस लिटर हा आकडा मुलांना मुका वाटला. मग एकाने विचारले, "म्हणजे किती हंडे?" घरचा हंडा 15 लिटरचा धरला तर अडीचहून थोडे अधिक. तेव्हा पाचवीतील एक मुलगी, जी रोज सकाळी पाणी भरूनच शाळेत येत असे, ती चारीकडे पाहत म्हणाली, "आमच्या घरी दिवसाला सहा हंडे लागतात." सहा हंडे म्हणजे 90 लिटर. तिने स्वतःच भागाकार केला. "सव्वादोन सेकंद." आणि मग बराच वेळ ती तशीच चारीच्या काठावर बसून राहिली. गेली चार वर्षे मी या मुलीस भागाकार शिकवीत होतो. तो तिला कशासाठी हवा आहे, हे त्या दिवशी प्रथम तिला कळले, आणि मलाही.

पुढे मुलांनी आबांची परीक्षाही घेतली. एक एकर म्हणजे सुमारे 4047 चौरस मीटर. त्यावर साडेसात सेंटिमीटर पाणी उभे करावयाचे तर तीन लाख तीन हजारांहून अधिक लिटर लागतील. या चारीने त्यास किती वेळ लागेल? वहीत उत्तर आले दोन तास सहा मिनिटे. ते झाकून ठेवून त्यांनी विचारले, "आबा, या पाण्याने एक एकर भिजायला किती वेळ लागतो?" आबांनी चारीत पाय घातला, पाणी नडगीला कोठवर लागते ते पाहिले आणि म्हणाले, "दोन-सव्वादोन तास." मुलांनी आरोळीच ठोकली. वरची नऊ मिनिटे कोठे गेली, असे एकाने खोचकपणे विचारले, तेव्हा आबांनी चारीतील एक उंदराचे बीळ दाखविले.

आता प्रश्न विचारणाऱ्या गटाकडे येतो. माझी खरी परीक्षा तेथे झाली. पहिले प्रश्न साधे होते. रात्री भीती वाटते का, साप निघतो का, पगार किती. मग एका मुलाने विचारले, "आबा, मोठ्या बागायतदाराने सांगितले की आधी मला पाणी द्या, तर द्याल का?" आसपास चार-सहा शेतकरी उभे होते, ते हसले, पण कान देऊन उभे राहिले. आबा आपल्या अहिराणीत म्हणाले, "पानी मन्हं नही, फडनं शे." पाणी माझे नाही, फडाचे आहे.

आम्ही शिक्षक येथेच टाळ्या वाजविल्या असत्या. मुलगा वाजविणारा नव्हता. तो म्हणाला, "पण द्याल का?"

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग सांगितले, की तरुणपणी एका टंचाईच्या वर्षी एकदा असे पाणी दिले होते. पंचांनी त्या साली धान्याचा वाटा कापला. "तेव्हापासून नाही दिले." नातू समोरच बसला होता, त्याच्यासमोर हे सांगण्याची त्या वृद्ध माणसास काहीच गरज नव्हती. मुलांनी ते वहीत जसेच्या तसे लिहिले, आणि मी कोणालाही ते खोडावयास सांगितले नाही.

त्यानंतर त्याच पाणी भरणाऱ्या मुलीने विचारले, "आबा, तुमचे शेत कोणत्या फडात आहे?"

"माझे नाही शेत."

"मग तुम्हाला पाणी?"

"मला दाणे मिळतात, माय."

नातू खाली पाहून मातीत रेघा ओढू लागला. मी मध्ये पडलो, विषय बदलावा म्हणून बंधाऱ्याचे काही तरी बोलू लागलो. वचन मोडल्याची ती दुसरी वेळ, आणि ती मोडावयास नको होती. कारण फडाची वाटणी न्यायाची आहे, हे मी वर्गात आठवडाभर शिकविले होते. आणि ती न्यायाची आहेच, ज्यांना जमीन आहे त्यांच्यापुरती. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या ते पाणी वाटले त्यांच्यापैकी पुष्कळांना त्यात पट्टी नाही. हे एका दहा वर्षांच्या मुलीस दोन प्रश्नांत दिसले. ते झाकून ठेवून मी तिला कोणते नागरिकशास्त्र शिकविणार होतो?

दुसऱ्या दिवशी वर्गात या गोष्टीवर बोलणे काढले. एक शेतकऱ्याचा मुलगा म्हणाला, जमीन नाही म्हणून पाणी नाही, यात काय चूक आहे? दुसरा म्हणाला, मग गाळ काढताना ते का येतात? पहिला म्हणाला, त्याचे दाणे देतो. तिसरीने विचारले, दाणे कोण ठरवितो? तास संपला. मी निकाल दिला नाही. एवढे मात्र केले, की दोन्ही बाजूंची वाक्ये फळ्याच्या कडेला लिहून आठवडाभर ठेवली. एका पालकाने येऊन तक्रार केली की, गुरुजी पोरांना भलते शिकवितात. त्यांना मी वर्गात बसवून घेतले. ते तासभर बसले, दोन ठिकाणी मुलांच्या माहितीत दुरुस्ती केली, आणि गेले. अशा वेळी शिक्षकाने गडबडून जाऊ नये, आणि वादात आपला पक्षही लावू नये. मुलांनी ज्यांना विचारले त्यांनाच पुन्हा विचारण्यास पाठवावे.

सहलीनंतरचे काम सहलीहून मोठे आहे. त्यासाठी आठवडा तरी राखावा. आमच्या मुलांनी थळाचा नकाशा भिंतीवर काढला. शब्दांचा एक तक्ता केला: घरचा शब्द एका बाजूस, पुस्तकातील दुसऱ्या बाजूस. परगावाहून आलेल्या शिक्षकांस माझी विनंती आहे, की या तक्त्यात अहिराणी शब्दांस 'अशुद्ध' असा मथळा देऊ नये. पाटकऱ्याच्या कामातील कित्येक शब्दांस पुस्तकी प्रतिशब्दच सापडत नाहीत, हे मुलांना आपोआप दिसू द्यावे. पंचांना आभाराचे पत्र मुलांनी लिहिले. ते पंचांच्या बैठकीत वाचून दाखविल्याचे मागाहून कळले.

आबांच्या नातवाचे काय झाले, असे आपल्या मनात आले असेल. त्या दिवसापासून तो वर्गात पहिला येऊ लागला, असे सांगण्याचा मोह होतो. तसे झाले नाही. त्या वर्षी तो चौथीत होता, आणि गणितात तो होता तेथेच जवळजवळ राहिला. परंतु नकाशा काढताना मी पाटाचे एक वळण चुकीचे दाखविले, तेव्हा तो शेवटच्या बाकावरून उठून आला, माझ्या हातातील खडू घेतला आणि वळण पुसून नीट काढले. त्यापूर्वी दोन वर्षांत तो फळ्यापर्यंत आलेला मला आठवत नाही. पुढील वर्षीच्या कुटुंब सर्वेक्षणाच्या तक्त्यात मी व्यवसायाच्या रकान्यात 'पाटकरी' असे लिहिले. वरून आलेल्या पाहुण्यांनी हा कोणता धंदा म्हणून विचारले. मी त्यांना पाटावर घेऊन गेलो.

आता थोड्या व्यवहाराच्या गोष्टी सांगून बसतो. परवानगीचे कागद नियमाप्रमाणे करावेतच, त्याविषयी अधिक बोलत नाही. ज्यांच्या गावी फड नाही त्यांनी निराश होऊ नये. जुनी पायविहीर, मोटेची थारोळी, गुऱ्हाळ, शंभर वर्षांची आमराई, असे काही ना काही चालते-बोलते प्रत्येक शिवारात असते. अट एकच, की त्यावर अजून काम करणारे माणूस तेथे हवे. फडावर जावयाचे तर गव्हाची पाळी चालू असताना जावे, म्हणजे पौष-माघात. सुटीच्या दिवशी जाऊ नये; सुटीच्या सहलीत मुले पाहुणे होतात. चारीजवळ लहान मुलांना नेऊ नये, आणि बंधाऱ्याच्या भिंतीवर कोणासही चढू देऊ नये, शेवाळामुळे पाय सटकतो. प्यावयाचे पाणी शाळेतून न्यावे. आदल्या संध्याकाळी पाटकऱ्यास पुन्हा निरोप धाडावा, कारण रात्रीत पाळी बदलते, आणि आपण गव्हाच्या फडावर जाऊन उभे राहतो तेव्हा पाणी उसात गेलेले असते.